इस्तिंजा : शुद्धीचा नियम आणि सवलतीचा आधार

शौचानंतरची स्वच्छता हा विषय आपल्या घरांत मोकळेपणाने बोलला जात नाही. मूल लहान असते तोवर आई त्याला धुण्याची रीत शिकवते. ते स्वतःचे स्वतः करू लागले की विषय कायमचा दाराआड जातो. पुढे साठी-सत्तरीत त्या दाराआड काही बिघडले, तरी ते दवाखान्यापर्यंत पोहोचायला वर्षे लागतात.

इस्लामी परंपरेने मात्र हा विषय दाराआड ठेवलेला नाही. धर्मविधींविषयीच्या बहुतेक पारंपरिक ग्रंथांचे पहिले प्रकरण ‘तहारत’ म्हणजे शुद्धी हेच असते, आणि त्यात मलमूत्रविसर्जनानंतरच्या शुद्धीचे, म्हणजे ‘इस्तिंजा’चे नियम तपशिलाने सांगितलेले असतात. प्रेषित मुहंमद यांचे सहकारी सलमान फारसी यांना एकदा विचारले गेले की, तुमचे प्रेषित तुम्हांला शौचाला बसण्याची रीतसुद्धा शिकवतात काय? सलमान यांनी कोणताही संकोच न करता होकार दिला आणि नियम सांगितले. ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात हा प्रसंग नोंदलेला आहे.

माझ्याकडे तपासणीसाठी येणाऱ्या कुटुंबांत मुस्लिम कुटुंबे बरीच आहेत. त्यांच्या तक्रारी ऐकताना एक गोष्ट वारंवार जाणवते. या नियमांत जितका काटेकोरपणा आहे, तितकीच सवलतही आहे. काटेकोरपणा पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत पोहोचतो. सवलत मात्र वाटेत गळून पडते. आणि जेथे ती गळते, तेथे आजार लपून बसतो. आज या सदरात आपण दोन्ही बाजू पाहू.

नियम काय सांगतात?

सातव्या शतकातील अरबस्तानात पाणी दुर्मीळ होते. म्हणून शुद्धीचे दोन मार्ग मान्य झाले. पहिला पाण्याने धुण्याचा. दुसरा दगडाने किंवा मातीच्या ढेकळाने पुसण्याचा. दगड तीनहून कमी नसावेत, आणि हाड अथवा शेण यांचा वापर करू नये, असा दंडक आहे. आधी पुसून नंतर पाण्याने धुणे हे सर्वांत उत्तम मानले जाते. मदिनेजवळील कुबा येथील लोकांच्या शुद्धिप्रियतेची कुरआनाच्या नवव्या सूरहमध्ये प्रशंसा आहे, आणि ती त्यांच्या पाण्याने धुण्याच्या सवयीशी जोडली जाते.

धुण्यासाठी डावा हात वापरावा, उजवा वापरू नये. धुतल्यानंतर हात मातीवर घासावा. लोकांच्या वाटेवर, सावलीच्या जागी किंवा पाणवठ्यावर मलमूत्रविसर्जन करू नये. साचलेल्या पाण्यात लघवी करू नये. लघवीचे शिंतोडे अंगावर वा कपड्यांवर उडू देऊ नयेत. या बाबतीतील निष्काळजीपणाबद्दल तर हदीसमध्ये कडक इशारा आहे. झोपेतून उठल्यावर हात धुतल्याशिवाय पाण्याच्या भांड्यात बुडवू नये. नखे वाढू देऊ नयेत. त्यासाठी चाळीस दिवसांची कमाल मर्यादा घातलेली आहे.

श्रद्धावान मनुष्य हे नियम उपासनेचा भाग म्हणून पाळतो, जंतुशास्त्राचा धडा म्हणून नव्हे. तेव्हा विज्ञानाने त्यांवर शिक्कामोर्तब केले, अशी भाषा मी करणार नाही. मात्र या सवयींचा शरीराला काय उपयोग होतो, हे सांगणे डॉक्टरचे काम आहे.

शरीराला होणारा लाभ

विषमज्वर, पटकी, हगवण, ‘अ’ प्रकारची कावीळ, जंत या सर्वांचा प्रवास एकाच वाटेने होतो. रोग्याच्या विष्ठेतील जंतू हाताला, पाण्याला किंवा अन्नाला लागतात आणि दुसऱ्याच्या तोंडात जातात. खाण्याचा हात वेगळा आणि धुण्याचा वेगळा, ही विभागणी ती वाट अडवते. आपल्याकडे सर्वच समाजांत ही रीत रूढ आहे.

साचलेल्या पाण्याविषयीच्या नियमाचे महत्त्व ईजिप्तच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. तेथे शतकानुशतके लघवीतून रक्त जाण्याचा एक रोग होता. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरने १८५१ साली कैरो येथे त्याला कारणीभूत असणारा कृमी शोधून काढला. या कृमीची अंडी रोग्याच्या लघवीतून साठलेल्या पाण्यात जातात, तेथील गोगलगाईंमध्ये त्यांची वाढ होते, आणि मग त्या पाण्यात उतरणाऱ्या माणसाच्या त्वचेतून कृमी शरीरात शिरतात. पाण्यात लघवी पडली नाही, तर हे चक्र तेथेच तुटते.

मूळव्याध किंवा गुदद्वाराला चीर पडण्याचा त्रास असणाऱ्यांना कोरड्या कागदाने घासून पुसण्यापेक्षा पाण्याने धुणे केव्हाही सुखाचे. मधुमेहींना तर लघवीनंतर धुण्याची सवय विशेष उपकारक ठरते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या रक्तातील साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. ती साखर जननेंद्रियाच्या त्वचेवर राहिली की बुरशी वाढते, खाज सुटते, लाली येते. अशा रुग्णाने प्रत्येक वेळी साध्या पाण्याने धुऊन जागा टिपून कोरडी केली, तर हा त्रास पुष्कळसा टळतो.

येथे स्त्रियांसाठी एक सूचना. स्त्रीची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर लांबीची असते आणि गुदद्वार तिच्या जवळच असते. म्हणून धुण्याची दिशा नेहमी पुढून मागे असावी. जेट स्प्रेचा फवारा मागून पुढे मारू नये, त्याचा जोर बेताचा ठेवावा आणि त्याचे तोंड अंगाला लावू नये. मुलींना ही दिशा लहानपणीच शिकवावी.

वजू झाला, साबण राहिला

अनेक घरांत एक समज आढळतो. शौचानंतर वजू करायचाच आहे, त्यात हात तीनदा धुतले जातात, मग वेगळा साबण कशाला? वजू हा उपासनेपूर्वीचा विधी आहे; विष्ठेतील जंतू हातावरून काढण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये. त्यासाठी साबण हवा आणि किमान वीस सेकंद चोळणे हवे. बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा यांसह. साबणाने हात धुण्याच्या सवयीमुळे अतिसाराचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. हात मातीवर घासण्याच्या नियमाचा हेतू ज्याला उमगला, त्याला साबणाची वडी परकी वाटू नये. आधी साबण, मग वजू, असा क्रम ठेवावा. संडासाबाहेर साबण ठेवलेला आहे की नाही, हे घरातील कर्त्या व्यक्तीने स्वतः पाहावे.

थेंब थेंब लघवी आणि मशिदीची पायरी

आता सवलतीकडे वळू. सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ रक्तदाबाच्या तपासणीसाठी नियमित येत असत. तपासणीत सारे ठीक असे. पण माणूस दिवसेंदिवस खंगत चालला होता. पाचही वेळा मशिदीत जाणाऱ्या या गृहस्थांनी घराबाहेर पडणेच सोडले होते. मुलांना वाटे, वयोमानाने विरक्ती आली असेल. खोदून विचारल्यावर त्यांनी खाली मान घालून सांगितले की, लघवी करून उठल्यावर काही थेंब कपड्यात पडतात. कपडे नापाक, म्हणून नमाज नाही. आणि नमाज नाही, म्हणून मशीद नाही. दोन वर्षे त्यांनी ही गोष्ट बायकोलाही सांगितली नव्हती.

पुरुषाची मूत्रनलिका वळणदार असते. लघवी झाल्यावर तिच्या सखल भागात थोडी लघवी साचून राहते आणि उभे राहिल्यावर ओघळते. वाढत्या वयात असे पुष्कळांना होते. उपाय सोपा आहे. लघवी संपल्यावर घाईने उठू नये, अर्धा-एक मिनिट थांबावे. मग अंडकोशाच्या मागे, गुदद्वाराच्या पुढे जी जागा असते, तेथे दोन बोटांनी हलके दाबत पुढे यावे. साचलेले थेंब बाहेर पडतात. त्यानंतर धुवावे. इस्लामी परिभाषेत शेवटचे थेंब निघून गेल्याची खात्री करण्याला ‘इस्तिब्रा’ म्हणतात. त्याचा आणि या उपायाचा हेतू एकच आहे. कटीच्या स्नायूंचे आकुंचन-प्रसरण करण्याच्या व्यायामानेही फरक पडतो.

मात्र लघवीची धार बारीक होणे, जोर करावा लागणे, रात्री दोन-तीन वेळा उठावे लागणे, लघवीतून रक्त जाणे यांपैकी काही असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नये. प्रोस्टेट ग्रंथीची आणि साखरेची तपासणी करून घ्यावी. त्या गृहस्थांची प्रोस्टेट वाढलेली होती. गोळ्यांनी त्यांना आराम पडला.

पण औषधोपचारानंतरही ज्यांचे थेंब थांबत नाहीत, त्यांचे काय? शास्त्रकारांनी त्यांचा विचार फार पूर्वीच केलेला आहे. फातिमा बिंत अबी हुबैश या स्त्रीला सतत रक्तस्राव होत असे. नमाज सोडून देऊ का, असे तिने प्रेषितांना विचारले. त्यांनी तिला सांगितले की ही मासिक पाळी नव्हे, हे शिरेतून येणारे रक्त आहे. पाळीचे दिवस सरल्यावर धुऊन नमाज पढत जा. या आधारावर, ज्याचा स्राव थांबत नाही अशा माणसाला हनफी परंपरेत ‘माजूर’ ठरवले जाते. एका नमाजेच्या संपूर्ण वेळेत वजू करून फर्ज नमाज पुरी करण्याइतकीही उसंत मिळत नसेल, तर त्याने प्रत्येक नमाजेच्या वेळेसाठी एकदा वजू करावा. त्या वेळेपुरता तोच स्राव त्याचा वजू मोडत नाही. शाफिई परंपरेत त्याने वेळ झाल्यावर जागा धुवावी, कापड किंवा पॅड लावावे आणि प्रत्येक फर्ज नमाजेसाठी वजू करावा, असे आहे. कोकणातील बहुतेक मुस्लिम शाफिई आहेत, तर देशावरील आणि मराठवाड्यातील बहुतेक हनफी. आपल्या मशिदीच्या इमामांना किंवा जाणत्या आलिमांना विचारल्यास आपल्यापुरता तपशील कळेल. मुद्दा एवढाच की, थेंबामुळे मशिदीचा दरवाजा बंद होत नाही.

संशय हा आजार केव्हा होतो?

याच्या उलट टोकाला दुसरा त्रास आहे. काही माणसे धुतच राहतात. न्हाणीघरात तास-तास जातो, बादल्यांमागून बादल्या रित्या होतात, तरी ‘अजून काही राहिले असेल’ ही शंका सुटत नाही. नमाजेला उभे राहिल्यावर पुन्हा शंका, पुन्हा धुणे. हाताची कातडी फाटते. गुदद्वाराभोवती कंड सुटतो, म्हणून अधिक साबण लावला जातो आणि त्याने कंड अधिकच वाढतो. घरचे लोक कधी याला धर्मनिष्ठा म्हणतात, तर कधी वेड.

इस्लामी परंपरेत या शंकेला ‘वसवसा’ असे नाव आहे, आणि तिला भक्तीचे लक्षण मुळीच मानलेले नाही. इमाम गझाली यांनी शुद्धीच्या बाह्य उपचारांत अतिरेक करणाऱ्यांवर टीका केलेली आहे. निश्चित गोष्ट शंकेने रद्द होत नाही, हे इस्लामी न्यायशास्त्राचे प्रसिद्ध सूत्र आहे. स्वतः प्रेषित एक मुद्द पाण्यात वजू करीत, असे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत नमूद आहे. एक मुद्द म्हणजे सरासरी माणसाच्या दोन हातांची भरलेली ओंजळ. शंकेखोर माणसासाठी तर शास्त्रकारांनी एक मायेची युक्ती सांगितली आहे. धुऊन झाल्यावर वस्त्रावर थोडे पाणी शिंपडावे. मागाहून ओल जाणवली, तर ती त्या पाण्याचीच समजावी. हनफी मतानुसार तळहाताच्या खळग्याहून कमी जागेवर अशुद्ध द्रव लागला असेल, तरी नमाज होते. धुणे श्रेयस्कर, एवढेच.

इतके असूनही शंका जात नसेल, तर तो श्रद्धेचा प्रश्न उरत नाही. तो मंत्रचळ नावाचा मनोविकार असतो. औषधे आणि वर्तनोपचार यांनी त्यात चांगला उतार पडतो. अशा व्यक्तीला रागावू नये, चेष्टा करू नये. ‘झाले का नीट?’ या तिच्या प्रश्नाला दहा-दहा वेळा ‘झाले’ असे उत्तरही देत बसू नये, कारण त्याने विकार पोसला जातो. तिला मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे. कंडासाठी साबण पूर्ण बंद करून केवळ साध्या पाण्याने धुवावे आणि मऊ कापडाने टिपावे, घासू नये. महिनाभरात आराम न पडल्यास किंवा शौचावाटे रक्त जात असल्यास तपासणी करून घ्यावी.

लघवी रोखणे, पाणी तोडणे

तिसरी सवय स्त्रियांमध्ये अधिक आढळते. प्रवासात, लग्नसमारंभात, नोकरीच्या ठिकाणी शौचालयात पाणी नसते. पाण्याविना शुद्धी नाही, म्हणून लघवीला जायचे नाही. जावे लागू नये, म्हणून पाणीच प्यायचे नाही. काही जण केलेला वजू टिकावा म्हणून लघवी रोखून धरतात. उमराह आणि हजच्या यात्रेत गर्दीच्या धास्तीने ज्येष्ठ मंडळी हेच करतात, तेही तेथील कडक उन्हात. मूत्रमार्गाचा दाह, मुतखडा, उष्माघात ही त्याची फळे आहेत.

वास्तविक, मलमूत्राचा वेग दाबून धरून नमाज पढू नये, असे हदीसमध्येच सांगितलेले आहे. आधी मोकळे व्हावे, पुन्हा वजू करावा, मग निश्चिंतपणे उभे राहावे. प्रवासात अर्ध्या लिटरची एक वेगळी बाटली केवळ धुण्यासाठी जवळ ठेवावी. तीही नसेल, तर स्वच्छ कागद चालतो, कारण पुसण्याचा मार्ग मुळातच मान्य आहे. पाणी वापरल्याने अपाय होईल अशी जखम वा आजार असेल, तेथे वजूऐवजी स्वच्छ मातीने करण्याच्या ‘तयम्मुम’ची सोय आहे.

अंथरुणाला खिळलेले वडीलधारे

सर्वांत अवघड प्रसंग घरातील अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा. मुलगा वडिलांना धुवायला संकोचतो, सून सासूबाईंना धुवायला संकोचते. वडीलधाऱ्यांना तर मेल्याहून मेल्यासारखे होते. या संकोचात चार-चार तास ओले कपडे अंगाखाली राहतात. आधी त्वचा सोलवटते, मग शय्याव्रण होतात. उपचार आणि शुश्रूषा यांच्या गरजेपुरते पाहण्यास व स्पर्श करण्यास इस्लामी शास्त्रात मुभा आहे. कमरेवर चादर पांघरावी, हातमोजे घालावेत, चादरीखालून कोमट पाण्याने धुऊन टिपावे आणि झिंक ऑक्साइडचे मलम लावावे. लघवीची नळी घातलेली असेल, तर तिच्या तोंडाभोवतीची जागा दररोज साबणपाण्याने धुवावी आणि पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवावी. नळी आहे म्हणून नमाज सुटत नाही; ‘माजूर’ची सवलत येथेही लागू होते. हे त्या माणसाच्या कानावर घालावे. औषधाने येत नाही इतकी उभारी मी या एका वाक्याने आलेली पाहिली आहे.

वजूचा विधी सांगणाऱ्या कुरआनाच्या पाचव्या सूरहमधील आयतीतच पुढे म्हटले आहे की, यामागील ईश्वरी हेतू माणसाला अडचणीत टाकण्याचा नसून शुद्ध करण्याचा आहे. हा हेतू घरातील प्रत्येकाला ठाऊक असावा.

तेव्हा वाचकहो, या पंधरवड्यात एक काम करा. घरातील ज्येष्ठ व्यक्तीजवळ थोडा वेळ बसा आणि आडपडदा न ठेवता चार प्रश्न विचारा. लघवीला त्रास होतो का? थेंब पडतात का? पाणी मुद्दाम कमी पिता का? धुण्यात फार वेळ जातो का? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर त्यांना तपासणीसाठी घेऊन या, आणि नमाजेविषयीची शंका आलिमांकडून फेडून घ्या. दोन्ही ठिकाणी संकोचाचे कारण नाही. सलमान फारसी यांनीही संकोच केला नव्हता.